पेशवाई पोशाखासाठी चित्रं शोधताय? या चुका टाळा

नाटक असो, लघुपट असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो नाहीतर लग्नाआधीचं ‘पेशवाई थीम’चं फोटोशूट, काम एकाच पद्धतीनं सुरू होतं. मोबाइलवर ‘पेशवाई पोशाख’ टाकायचं, पहिली वीस चित्रं उतरवून घ्यायची आणि शिंप्यापुढे मोबाइल धरायचा. त्या विसांत मालिकांची पोस्टरं असतात, भाड्यानं कपडे देणाऱ्यांच्या जाहिराती असतात आणि हल्ली एआयनं काढलेल्या राजस्त्रियाही असतात, ज्यांच्या नथीचे मोती गालात विरघळलेले असतात. शिंपी बिचारा दाखवाल ते शिवतो. त्याची चूक नाही.

चित्र मिळणं सोपं आहे. ते कोणी, कुठे, कधी आणि काय बघून काढलं हे शोधायला वेळ लागतो, आणि तेवढा धीर नसेल तर सरळ ‘जुन्या काळातला पोशाख’ म्हणा, ‘अस्सल पेशवाई’ म्हणू नका.

फोटोत पांढरं दिसलं म्हणून पांढरं शिवणं

ही चूक सगळ्यांत जास्त वेळा होते, आणि ती चांगल्या, अभ्यासू माणसांकडूनही होते.

आधी एक साधा हिशोब. पेशवाई संपली 1818 साली आणि छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला 1839 साली. म्हणजे ‘पेशवाईतला फोटो’ ही वस्तूच अस्तित्वात नाही. आपल्याला मिळतात ते बहुतेक 1855 नंतरचे फोटो. लुगडं नेसण्याची पद्धत, दागिने, पगडीचा घाट यांसाठी ते जपून वापरता येतात, पण मधली चाळीस-पन्नास वर्षं लक्षात ठेवूनच.

खरी फसगत रंगात होते. 1880 च्या आधीचे बहुतेक फोटो ओल्या कलोडियनच्या, म्हणजे रसायनाचा ओला थर दिलेल्या, काचेवर घेतलेले आहेत. ती काच निळ्या प्रकाशाला भरपूर प्रतिसाद देते, तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ नाही. परिणामी निळं कापड फिकट, कधी चक्क पांढरं उमटतं. तांबडं, भगवं, हळदीपिवळं काळपट उमटतं. सगळे रंग नीट पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या 1906 च्या सुमारास आणि रुळायला आणखी पंधरा-वीस वर्षं गेली.

आता असा एक फोटो समोर ठेवा. बाई खुर्चीत बसली आहे, लुगडं पांढरंफेक, काठ काळेभोर. बघणारा लगेच ठरवतो: पांढरी साडी, म्हणजे विधवा. मग नाटकातल्या आत्याबाईंना पांढरं लुगडं मिळतं. पण त्याच फोटोत नाकात नथ आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे, कपाळावर कुंकू आहे. बाई सवाष्ण आहे आणि लुगडं बहुधा निळं आहे, काठ तांबडे किंवा पिवळे. ब्राह्मण घरातली केशवपन केलेली विधवा नेसायची ते आलवण, आणि आलवण तांबडं. त्या जमान्याच्या फोटोत ते काळंच दिसणार. म्हणजे विधवेचं वस्त्र काळं दिसतंय, सवाष्णीचं पांढरं दिसतंय, आणि आपण हिंदी सिनेमावर पोसलेले डोळे घेऊन बरोबर उलटा अर्थ लावतोय.

चंद्रकळेचंही, म्हणजे त्या काळ्या लुगड्याचंही, तेच. फोटोत गडद लुगडं दिसलं की ‘चंद्रकळा’ लिहून मोकळं व्हायचं. तांबडं, गर्द हिरवं, डाळिंबी, सगळं तिथे काळ्याच्या आसपास जातं. लाल काठांची खरी चंद्रकळा असेल तर तिचे काठ अंगाच्या काळ्यात मिसळून जातील, नीट दिसणारच नाहीत. गडद लुगड्यावर काठ उजळ उठून दिसत असतील, तर ते लाल काठ नव्हेत एवढं नक्की.

यावर एक घरगुती चाचणी आहे आणि ती केल्याशिवाय कापड विकत घेऊ नये. जे कापड घ्यायचं मनात आहे त्याचे चार-चार इंचांचे नमुने आणा. पांढऱ्या कागदावर मांडा आणि दिवसा, उन्हात नव्हे तर सावलीत, रंगीत फोटो घ्या. बल्बच्या पिवळ्या उजेडात घेतलात तर सगळं मुसळ केरात. तो फोटो ज्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनल मिक्सर आहे त्यात उघडा, मोनोक्रोम निवडा, लाल 0, हिरवा 0, निळा 100 करा. जे करडं-काळं चित्र उरेल ते त्या काचेच्या नजरेच्या बरंच जवळचं असतं. ते जुन्या फोटोशेजारी ठेवून जुळवा. याने नेमका रंग कळत नाही, पण अशक्य रंग बाद होतात. दहा नमुन्यांतले सहा बाद झाले तरी खूप झालं. नमुन्यात एक कुंकवाचा ठिपका आणि एक हळदीचा ठेवा. फोटोतल्या बाईचं कुंकू किती काळं उमटलंय त्याच्याशी ताडून बघता येतं.

‘रंग भरलेले’ जुने फोटो तर हातात धरू नयेत. त्यातला रंग जुना रंगारी, नाहीतर आजचं यंत्र, यांपैकी कोणाच्या तरी मनातला असतो.

दरबाराचं ते प्रसिद्ध चित्र

पेशवे दरबार म्हटलं की एकच तैलचित्र सगळीकडे फिरतं: गणपतीची भव्य मूर्ती, कमानी, मसनदीवर तरुण सवाई माधवराव, समोर इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट, 1790 चा तह. नेपथ्यकार, वेशभूषाकार, सगळे याच्यावर तुटून पडतात आणि मागच्या रांगेतल्या माणसाच्या कमरबंदाची गाठसुद्धा उतरवून घेतात.

हे चित्र थॉमस डॅनियलनं पूर्ण केलं 1805 साली, इंग्लंडमध्ये. तहाच्या वेळी तो दरबारात नव्हता. ज्याच्या रेखाटनांवर ते बेतलं तो जेम्स वेल्सही नव्हता; तो मुंबईला पोचला 1791 मध्ये, म्हणजे तह होऊन गेल्यावर. वेल्सनं नंतर पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांना समोर बसवून चित्रं काढली आणि 1795 मध्ये तो वारला. पुढचं काम डॅनियलकडे आलं.

म्हणून चित्र टाकाऊ आहे का? अजिबात नाही. फक्त त्याचे तुकडे करून वाचायचे. ज्या मुख्य चेहऱ्यांची वेल्सची स्वतंत्र चित्रं किंवा रेखाटनं आहेत, त्यांच्या मानेच्या वरचा भाग, म्हणजे पगडी, शिरपेच, कानातली भिकबाळी, हा वजनदार पुरावा. कपड्याच्या चुण्या आणि चमक यांवर युरोपीय तैलचित्राची सवय चढलेली असते. आपली तलम मलमल तिथे सॅटिनसारखी सांडते. आणि मागची गर्दी दुसऱ्या आधाराशिवाय वापरूच नये. त्याऐवजी वेल्सची मूळ रेखाटनं बघा, त्यांतली बरीच अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. पेन्सिलीची घाईची रेघ रंगवलेल्या दरबारापेक्षा कितीतरी प्रामाणिक असते. वेल्सबरोबर काम केलेला पुण्याचा गंगाराम तांबट यानं काढलेली चित्रंही त्याच संग्रहात आहेत. इतक्या जणांनी पेशवाईवर काम केलं, पण त्याचं नाव निम्म्यांनी ऐकलेलं नसतं.

हीच फूटपट्टी राजा रविवर्मा आणि म. वि. धुरंधर या चित्रकारांना लावा. रविवर्म्यांचा छापखाना 1894 चा, त्यातल्या लक्ष्मी-सरस्वतींचं नेसणं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं. धुरंधरांनी मुंबईच्या रस्त्यावर बघून काढलेल्या कोळणी, भाजीवाल्या, कारकून 1900 च्या आसपाससाठी सोन्यासारखे आहेत. त्याच धुरंधरांचा शिवराज्याभिषेक ही विसाव्या शतकातल्या चित्रकाराची कल्पना आहे. चित्रकार एकच, पण एका ठिकाणी तो साक्षीदार आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही.

खालच्या ओळीवर विश्वास

चित्राखाली नाव छापलंय म्हणून माणूस तोच असतो असं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांचं म्हणून सर्रास छापलं जाणारं एक चित्र भलत्याच माणसाचं होतं, इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ते दाखवून दिलं आणि महाराजांच्या काळातलं चित्र पुढे आणलं. इतक्या मोठ्या पुरुषाच्या बाबतीत हे होतं, तर ‘एक मराठा सरदार, अठरावं शतक’ या ओळीची काय कथा. ‘मराठा’ लिहिलेलं चित्र तंजावरचंही असू शकतं, आणि तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारातला पोशाख म्हणजे पुण्याचा नव्हे.

सवय एकच लावा: प्रत्येक चित्रामागे एक कार्ड. वस्तू काय, कोणी केली, साल, गाव, माध्यम, कुठल्या संग्रहात आणि तिथला नोंदणी क्रमांक. सात रकाने. निदान चार भरले नाहीत तर चित्र वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि त्यावरून काहीही शिवू नका. साल ‘एकोणिसावं शतक’ एवढंच लिहिलं असेल तर तो रकाना रिकामाच समजा. शंभर वर्षांत चोळीचं पोलकं होतं.

उलटलेलं चित्र

मांडणीला बरं दिसतं म्हणून लोक चित्र आरशासारखं उलटवतात. डगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचा सुरुवातीच्या काळातला फोटो, तर मुळातच उलटा असतो. पोशाखात याची किंमत मोठी आहे, कारण जामा कुठल्या बगलेखाली बांधला यालाही अर्थ होता: मुघल काळातल्या रिवाजानुसार हिंदू डावीकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. ओळखायची खूण सोपी. तलवार डाव्या कमरेला, नथ डाव्या नाकपुडीत. दोन्ही उजवीकडे दिसली तर चित्र उलटवून बघा. कुठे अक्षरं असतील तर प्रश्नच मिटला.

फोटोतली जागा खरी मानणं

विल्यम जॉन्सनच्या मुंबईतल्या जातीजमातींच्या प्रसिद्ध फोटोसंग्रहात (1863 आणि 1866) माणसं एका ठिकाणी टिपून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवलेली आहेत. कपडे बघा, मागचं देऊळ विसरा.

काही एका ओळीच्या चुका

पुणेरी पगडी सगळ्यांच्या डोक्यावर घालू नका. ती एकोणिसाव्या शतकातली, रानड्यांच्या काळातली. पहिल्या बाजीरावाला ती घालणं म्हणजे त्याला चष्मा लावण्यासारखं.

भडक राणी रंग आणि जांभळा: कृत्रिम रंग 1856 नंतर आले. त्याआधीचं लाल मंजिष्ठा, आल, लाख, कुसुंबा या नैसर्गिक रंगांचं.

चंद्रकोर प्रत्येक कपाळावर नको. आडवी चिरी विसरलात का?

बालगंधर्वांचे फोटो 1910-20 च्या रंगभूमीसाठी अप्रतिम. पेशवाईतल्या स्त्रीसाठी नाहीत.

भिंतीवरची चित्रं, मेणवलीतली असोत की वाईची, पुढच्या काळात हात फिरवून ताजी केलेली असू शकतात. रंगाचा थर एकसारखा चकचकीत दिसला की सावध.

पॉलिएस्टरची जर कॅमेऱ्यात आरशासारखी चमकते. कलाबतूची, म्हणजे सोन्याचांदीच्या तारेच्या जरीची, चमक मंद असते.

कापडाशिवाय नुसतं चित्र

चित्रात वीण दिसत नाही, वजन दिसत नाही. म्हणून प्रत्येक मुख्य कपड्यामागे तीन वेगळ्या जातीचे आधार हवेत: एक चित्र, एक टिकलेली वस्तू, एक लेखी नोंद. लेखी नोंदींसाठी गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड आहेत. घाईतल्या माणसाला ते कंटाळवाणे वाटतात, पण शेला, किनखाप, शालजोडी, तिवट हे शब्द कोण कुठे वापरत होतं ते अशाच कागदांत सापडतं.

कापडासाठी फोर्ब्स वॉटसनचे 1866 चे नमुनासंग्रह बघा: 18 खंड, 700 खऱ्या कापडांचे कापलेले तुकडे, सोबत लांबी, रुंदी, वजन आणि गाव. फक्त गाव वाचताना लक्ष ठेवा, कापड जिथे विकत घेतलं ते आणि विणलं ते एकच असेल असं नाही. पैठणी तपासताना उलटी बाजू मागा. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो, नकलेच्या मागे धागे लोंबतात.

मागची बाजू

दरबारी चित्रकार माणसाला समोरून नाहीतर बाजूनं काढतो. त्यामुळे काष्टा मागे कसा खोचला, चोळीची पाठ किती उघडी, खोपा मानेच्या किती वर, हे चित्रांत सापडत नाही, आणि तिथेच सगळे तयार शिवलेल्या, वेल्क्रोच्या नऊवारीवर येऊन थांबतात. याचं उत्तर चित्रांत नाही, पितळेत आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांचा मोठा संग्रह आहे; त्यातल्या दीपलक्ष्मींभोवती फिरून बघा. ओतकाम करणाऱ्याला मूर्ती मागूनही पुरी करावी लागते, म्हणून निऱ्या कुठे गोळा झाल्या, काष्ट्याचं टोक कुठे खोचलं हे तिथे उमटलेलं असतं. साध्या माणसांच्या पागोट्यांसाठी मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मातीच्या बाहुल्या बघा, पण त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या, हे कार्डावर लिहा. फोटो घ्यायची परवानगी आधी विचारा. ती नसेल तर वही न्या आणि समोर, डावी, उजवी, मागची अशा चारही बाजू रेखाटा. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल, गाठ कुठल्या बाजूला आहे तेवढं चुकवू नका.