थंडीत झाडांवर कव्हर घालताय? कोकणात या चुका टाळा

डिसेंबर लागला की महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दव गोठल्याचे फोटो मोबाईलवर फिरायला लागतात. ते बघून आपल्याकडे गुहागर, दापोली, श्रीवर्धनची मंडळीपण अंगणातल्या कुंड्यांवर चादरी टाकायला धावतात. टाका, हरकत नाही. पण महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर, तिकडे स्ट्रॉबेरीवाल्यांना खरंच रात्री जागून रोपं राखायला लागतात, आणि आपण समुद्राच्या काठाला. रत्नागिरीत ऐन जानेवारीत रात्री १८-१९ डिग्री आणि दिवसा ३०-३१. दापोलीत पारा कधीमधी एक आकडी होतो खरा, पण दव गोठायला पानाचं तापमान शून्याला यावं लागतं, तसं किनाऱ्यावर होत नाही.

मग कव्हर लागतं कशाला? तर मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं, कलिंगड-काकडीचे वेल, तुळस, पपई, केळीचे मुनवे, काळीमिरी, अँथुरियम ही सगळी उबेत वाढणारी झाडं. पारा १०-१२ च्या खाली गेला की यांना मार बसतो, बर्फ वगैरे लागत नाही. तुळस काळपटते, मिरचीची वाढ थांबते, कलिंगडाचं बी जमिनीत नुसतं पडून राहतं. हवामान खातंसुद्धा किनाऱ्यावरच्या गावांना थंडीच्या लाटेचं वेगळं माप लावतं, किमान तापमान १५ किंवा त्याच्या खाली आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्रीने तरी कमी. तेव्हा आपल्याकडची थंडी खोटी नाही, पण ती चार-सहा तासांची असते, आणि कव्हरच्या बहुतेक भानगडी उरलेल्या अठरा-वीस तासांत होतात.

सगळ्यात मोठी चूक, सकाळी कव्हर न काढणं

संध्याकाळी हौसेने प्लास्टिक टाकलं जातं, सकाळी मुलांचे डबे, पूजा, बाजार, आणि कव्हर आठवतं ते अकरा वाजता. आमच्या वाडीत एकांच्या मिरचीच्या वाफ्यावर हे बघितलंय, प्लास्टिकच्या आतून पाण्याचे ओघळ, हात घातला तर आत वाफ, आणि जी पानं प्लास्टिकला चिकटली होती ती शिजवलेल्या माठासारखी लोळागोळा. काकी म्हणाल्या थंडीने गेली हो रोपं. थंडीने कसली, उकडून गेली. बाहेर ३० डिग्री असताना बंद प्लास्टिकखाली ४० च्या वर जायला काही वेळ लागत नाही.

म्हणून आपल्याकडे कव्हर घालायचं कधी याच्या आधी ते काढणार कोण आणि किती वाजता हे ठरवा. ऊन झाडावर आलं की साडेआठ-नऊपर्यंत निघालं पाहिजे. घरात सकाळी कुणी नसेल तर प्लास्टिक घालूच नका, बाजारात ते पांढरं कापडासारखं क्रॉप कव्हर मिळतं ते आणा. त्यातून हवा, पाणी, उजेड तिन्ही जातं, चुकून दुपारपर्यंत राहिलं तर लगेच घात होत नाही. १७ जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं, आपल्याला पुरतं. त्याने ऊब वाढते एक-दोन डिग्रीच, पण किनाऱ्यावर तेवढीच तर हवी असते. जाड कापड घेतलं की चांगलं असं समजून ५० जीएसएमचं आणू नका, ते थंड प्रदेशासाठी, आपल्याकडे नुसता उजेड अडवेल. आणि दुकानदार नर्सरीची हिरवी शेडनेट दाखवेल, ती उन्हाळ्यासाठी असते, तिच्या भोकांतून ऊब निघून जाते आणि दिवसा रोपांना निम्मं ऊन मिळत नाही ते वेगळंच.

कव्हर झाडाला नाही, जमिनीला घालायचं

हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कव्हर स्वतः गरम करत नाही, दिवसभर जमिनीने ऊन प्यायलेलं असतं ती ऊब रात्री वर येते आणि आभाळ निरभ्र असेल, वारा पडलेला असेल तर सरळ वर निघून जाते. कव्हर ती अडवतं. पण लोक काय करतात, झाडाच्या डोक्यावर कापड टाकतात आणि खाली बुंध्याला सुतळीने गाठ मारतात. म्हणजे जमिनीची ऊब बाहेर आणि झाड आत. कापड चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडा मातीने किंवा चिऱ्याच्या तुकड्यांनी दाबल्या पाहिजेत, पहाटे सह्याद्रीकडून मतलई वारा सुटला की मोकळं कापड गडग्यापलीकडे जाऊन पडतं.

दुसरं म्हणजे कापड पानांना टेकू द्यायचं नाही. बांबूच्या कामट्या वाकवून कमान करा, वाफ्यावर दीड-दोन हाताला एक. जुनी साडी, चादर वापरत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं. दवाने ती भिजते, जड होते आणि मिरचीची कोवळी शेंडी मोडते, प्लास्टिक तर जिथे टेकेल तिथलं पान आधी खराब होतं.

माती सुकी ठेवणं हीपण चूक. थंडी आहे म्हणून पाणी बंद करतात. उलट ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री सावकाश सोडते, आणि आपली जांभ्याची माती तशीही पाणी धरत नाही. थंडी पडणार असं वाटलं की दुपारी शिंपणं करून घ्या, संध्याकाळी पानांवर पाणी मारत बसू नका. विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं ते चालतं, गच्चीवरच्या टाकीतलं गार पडलेलं पाणी सकाळी सकाळी रोपांना घालू नका.

जागा बघितलीत का?

एकाच वाडीत वरच्या अंगणातली तुळस ठणठणीत आणि खाली व्हाळाकडेची (ओढ्याकडची) काळी, असं होतं. गार हवा जड असते, उतारावरून खाली सरकते आणि खोलगटात साचते. भाताच्या खाचरात बांधाआड भाजीचे वाफे केले असतील तर तिथे पहिलं कव्हर घाला, घराजवळ नंतर. कुंड्या असतील तर कव्हरच्या भानगडीत पडण्याआधी त्या उचलून चिरेबंदी भिंतीला, पश्चिमेचं ऊन खाणाऱ्या बाजूला लावा, जांभा दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब देत राहतो, फुकटात. पडवीत घेतल्या तरी काम झालं. शिवाय मोबाईलवर दिसतं ते तापमान जमिनीपासून चार-सहा फुटांवरच्या हवेचं, निरभ्र रात्री जमिनीलगतच्या पानाजवळ ते त्याहून दोन-चार डिग्री कमी असू शकतं. म्हणून मोबाईल १३ दाखवतोय म्हणजे बिनधास्त असं नाही. आभाळात ढग असतील तर मात्र त्या रात्री झोपा खुशाल.

कशावर घालायचंच नाही

आंबा-काजूवर कव्हर घालायचा विचारपण नको. हापूसला मोहोर यायला थंडी हवीच, उलट थंडी नाही पडली की बागायतदार डोक्याला हात लावून बसतो. वाटाण्याएवढी कैरी धरल्यावर थंडी लांबली तर पुन्हा मोहोर फुटून कैरी गळते, तो त्रास खरा आहे, पण त्याला कव्हर हा उपाय नाही, त्यासाठी दापोली विद्यापीठाच्या किंवा कृषी खात्याच्या माणसाला विचारा. मुळा, पालक, कोथिंबीर, कोबी, वाल, वाटाणा यांना थंडी मानवते, यांच्यावर कापड घालून उगाच पैसे घालवू नका.

कलिंगडवाल्यांची चूक वेगळी. क्रॉप कव्हर लावणीपासून साधारण २०-२५ दिवस ठेवतात, त्यात थंडी सांभाळली जाते आणि मावा, पांढरी माशीही बाहेर राहते. पण मादी फुलं दिसायला लागली तरी वेल झाकलेलाच ठेवला की संपलं, मधमाशी आत येणार कशी, फुलं येतात आणि गळतात आणि मग लोक खताला दोष देतात. पहिल्या मादी फुलाला कव्हर काढायचंच, आणि काढायचं ते संध्याकाळी, भर दुपारी नाही, सावलीत वाढलेली पानं एकदम उन्हात आली की करपतात. काकडी, दोडकी, भोपळ्यालाही हेच.

आणि हो, आत आधीच मावा असेल तर कव्हरखाली त्याचं राज्य होतं, ना मित्रकीटक ना वारा. घालायच्या आधी पानं उलटी करून बघा.

आता काही बिघडलंय ते कसं ओळखायचं. पानांच्या कडा काळ्या, मऊ, आणि फक्त वरच्या कोवळ्या पानांवर, तर थंडी लागली. कव्हरला टेकलेलीच पानं खराब आणि बाकी बरी, तर कामट्या कमी पडल्या. पानांवर पांढरी पावडर म्हणजे भुरी, भोपळावर्गीय पानांवर पिवळे कोनदार ठिपके म्हणजे केवडा, दोन्ही वेळा आत ओल कोंडलीय, कव्हर दिवसा पूर्ण उघडा आणि रोपं विरळ करा. रोपं लांबुळकी, फिकट झाली तर उजेड कमी. थंडी लागलेलं पान लगेच कापू नका, थंडी सरेपर्यंत ते खालच्या कोंबाला आडोसा देतं, आणि युरिया तर मुळीच मारू नका, कोवळी फूट आली की पुढच्या थंडीत तीच पहिली जाते.

खाली पेंढा अंथरायचा सल्ला सगळे देतात, चांगला आहे, पण आपल्याकडे वाळवी आहे. पेंढा, गोणपाट बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा आणि आठवड्यातून एकदा उचलून बघा. उचलताना हात घालू नका, काठीने उचला, उबेला जनावर (साप) येऊन बसतं. माकडांचं काय करायचं ते मात्र विचारू नका, पांढरं कापड दिसलं की ओढून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, त्यातल्या त्यात कडा मातीत पुरलेल्या असतील तर जरा टिकतं.

फेब्रुवारीत कव्हर निघालं की धुऊन, कडकडीत वाळवून, गुंडाळी करून वाशाला टांगा. माळ्यावर टाकलंत तर जूनपर्यंत उंदरांनी त्याची घरटी केलेली असतील.