चौकशी आली म्हणजे शो मिळाला असं नाही

तुळशीचं लग्न लागलं की पुण्यातल्या कव्हर बँडांचा, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी वाजवणाऱ्या बँडांचा, हंगाम सुरू होतो. पूर्वी नव्या बँडला काम मिळायचं ते साउंडवाल्याकडून, डेकोरेटरकडून नाहीतर मंगल कार्यालयाच्या मॅनेजरकडून. या मंडळींना बँड कसा वाजवतो ते ठाऊक असायचं, गिऱ्हाईक कसं आहे ते ठाऊक असायचं आणि स्टेजला वीज कुठून येते हेही ठाऊक असायचं. आता पहिली चौकशी बहुतेकदा बुकिंग साइटवरून येते आणि साइटला यातलं काहीच ठाऊक नसतं. नवीन मुलामुलींची निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते. आमचा सहा जणांचा बँड आहे. हिंदी-मराठी गाणी, लग्नाचे संगीत, कंपन्यांचे कार्यक्रम, अधूनमधून बाणेर-बालेवाडीकडच्या पबमध्ये एखादा शनिवार. पुढचं सगळं त्या अनुभवावरून.

साइट पैसे कशाचे घेते, हे आधी बघा. काही साइट कमिशनवर चालतात; शो झाला तर मानधनातून ठरलेला हिस्सा कापतात. काही वर्षाची वर्गणी घेऊन तुमचं प्रोफाइल वरच्या बाजूला दाखवतात. आणि काही निव्वळ चौकशा विकतात. तुम्ही खात्यात क्रेडिट भरायचं, चौकशी उघडली की क्रेडिट वजा. तीच चौकशी आणखी चार बँडांना, दोन डीजेंना आणि एखाद्या एजंटालाही गेलेली असते. गिऱ्हाइकाने फोन उचलला नाही तरी साइटचा धंदा झालेला असतो. नव्या बँडचे पैसे सगळ्यात जास्त या तिसऱ्या प्रकारात बुडतात, कारण मोबाइलवर टिंग वाजलं की काम आल्यासारखं वाटतं. सुरुवातीला कमिशनवालीच साइट धरा. टक्का ऐकून पोटात गोळा येतो, पण वाजवल्याशिवाय तो जात तरी नाही.

चौकशी कशी असते बघा. "लाइव्ह बँड. संगीत. वाकड. २ तास. १५० पाहुणे. बजेट १५ ते २५ हजार." संपलं. कार्यक्रम उघड्यावर की हॉलमध्ये, साउंड कोणाचं, स्टेज केवढं, जेवण आधी की नंतर, काही नाही. बजेटच्या आकड्यावर तर फार विसंबू नका. गिऱ्हाईक फसवत नसतं; फॉर्म पुढे सरकावा म्हणून दिलेल्या पर्यायांतला पहिला पर्याय त्याने दाबलेला असतो. आकडा बघून चौकशी सोडून देणारे बँड आम्ही पाहिलेत, आणि तोच आकडा खरा मानून आपला भाव निम्म्यावर आणणारेही. दोन्ही करू नका. बोला.

फोन बहुधा नवरीची मावशी घेते, नाहीतर नवऱ्याचा एखादा मित्र, ज्याच्या गळ्यात हे काम पडलेलं असतं.

"काकू, साउंडची व्यवस्था कोणाकडे आहे?"

"अहो, डीजेवाला आहे ना आपला. मोठ्ठे स्पीकर आहेत त्याचे."

"स्पीकर चालतील काकू. त्याच्याकडे मिक्सर किती चॅनलचा आहे?"

"म्हणजे?"

इथे तांत्रिक व्याख्यान झोडायचं नाही. "आमच्यात तिघं गाणार, ड्रमला वेगळे माइक लागणार. त्या दादांचा नंबर द्या, मी परस्पर बोलून घेतो," एवढंच म्हणायचं. डीजेच्या मिक्सरला माइकची भोकं एक किंवा दोन असतात. आपल्याला गाणाऱ्यांचे तीन, ड्रमचे किमान चार, गिटार, बेस, कीबोर्डचे दोन, ऑक्टापॅडचे दोन असं करत चौदा-सोळा चॅनल सहज होतात. हे संगीताच्या दिवशी संध्याकाळी सहाला कळलं तर त्यावर इलाज नाही. आम्ही स्वतःचा छोटा डिजिटल मिक्सर आणि स्टेज बॉक्स (स्टेजवरच्या सगळ्या वायरी जोडायचा डबा) घेऊन जातो आणि डीजेकडून फक्त डावी-उजवी अशा दोन लाइन मागतो. डीजेही खूश, कारण त्याच्या मांडणीला कोणी हात लावत नाही. मिक्सर घ्यायला जमत नसेल तर भाड्याने घ्या, आणि ते भाडं कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहा. मानधनात मिसळलं की पुढच्या घासाघिशीत तेच आधी उडतं.

बऱ्याच साइट टोकन भरेपर्यंत गिऱ्हाइकाचा नंबर देत नाहीत. चॅटमध्येच बोलावं लागतं, आणि तिथे लांबलचक आकडा लिहिला की फोन नंबर समजून खोडला जातो. अशा वेळी स्टेजच्या जागेचा आणि तिथल्या प्लगपॉइंटचा फोटो मागा. दहा प्रश्नांची उत्तरं त्यात मिळतात. लॉनवर पाच अँपिअरचा एकच पॉइंट असेल आणि त्यावर चाटच्या स्टॉलचा दिवाही लटकत असेल, तर हे वेळेवर दिसलेलं बरं.

दुसरी गोष्ट वेळेची. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. बंदिस्त सभागृहाला आणि बँक्वेट हॉलला सूट आहे. उघड्यावर राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. तुमचं संगीत त्या १५ दिवसांत बसेल अशी आशा धरू नका. आता प्रत्यक्षात काय होतं? पत्रिकेत सातची वेळ, घरच्यांचे नाच बसवलेले, ते संपेपर्यंत नऊ वीस. मग बँड स्टेजवर चढतो आणि पावणेदहाला लॉनचा मॅनेजर घड्याळ दाखवत उभा. दोन तासांचं बुकिंग, वाजले पंचवीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी साइटवर गिऱ्हाइकाची तक्रार: अर्धेही वाजवले नाही, पैसे परत द्या. साइटच्या तक्रार विभागात बसलेल्या मुलाला लॉन आणि हॉल यातला फरक माहीत नसतो, आणि बहुतेक वेळा तो पैसे रोखून ठेवतो. म्हणून बुकिंग पक्कं करताना चॅटमध्येच, साइटच्या नोंदीत राहील असं लिहा: "बँड ठरलेल्या वेळेला तयार असेल. मानधन राखून ठेवलेल्या वेळेचं आहे. उघड्यावरचा कार्यक्रम रात्री १० ला थांबेल." फोनवर मावशींनी दहा वेळा "हो हो" म्हटलं तरी ते पुरावा होत नाही.

आता पैसे. समजा तुम्ही ४५,००० सांगितले आणि साइटचं कमिशन २० टक्के आहे. ९,००० गेले. कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,६२०. राहिले ३४,३८०. लोणावळ्याला जायचा टेम्पो ४,५००, सरावाच्या जॅमरूमचे १,८००. २८,०८०. तुमचा लीड गिटारिस्ट त्या तारखेला दुसऱ्या सुपारीवर असेल आणि बाहेरून बोलावलेला ७,००० घेत असेल, तर उरलेल्या पाच जणांत २१,०८० वाटायचे: माणशी ४,२१६. दिवस दुपारी दोनला सुरू झालेला आणि घरी पोचायला पहाटेचे दोन. म्हणून भाव खालून वर लावत जा. आधी माणशी किती हवेत ते ठरवा, मग खर्च, मग कमिशन. प्रोफाइलवर "इतक्यापासून पुढे" असा आकडा टाकावाच लागतो; तिथे सहा जणांच्या बँडचा भाव न टाकता गायक, गिटार आणि कहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) अशा तिघांच्या छोट्या मांडणीचा टाका, आणि ती मांडणी खरोखर देता येईल एवढी तयार ठेवा. घरगुती वाढदिवसाला तीच पुरते.

कराचं थोडक्यात. कंपनीच्या कार्यक्रमात टीडीएस कापला जातो. तो बुडत नाही, पण रिटर्न भरलं तरच परत मिळतो. ड्रमरच्या खात्यावर पैसे घेतले तर टीडीएस त्याच्याच पॅनवर दिसतो आणि मार्चमध्ये भांडणं होतात. बँडचा हिशेब एकाच्या नावावर आणि लेखी ठेवा. लोककला किंवा शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमाचं दीड लाखापर्यंतचं मानधन जीएसटीतून मुक्त आहे. आपण सिनेमाची गाणी वाजवतो, आपल्याला ती सवलत नाही. मात्र वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीही सहसा लागत नाही, साइटवरून काम घेतलं तरी. साइटचा माणूस जीएसटी नंबर नाही म्हणून प्रोफाइल अडवत असेल, तर आपल्या सीएला विचारून मग त्याच्याशी बोला.

गाण्यांच्या परवान्याचा प्रश्न हल्ली हॉटेलं विचारतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना सूट आहे, आणि केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये तसं जाहीरही केलं. तरीही गोव्यातल्या हॉटेलातल्या लग्नाला निघालात तर आधी विचारा. हीच सूट सांगणारं गोवा सरकारचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं, तेव्हापासून तिथली हॉटेलं जास्तच सावध आहेत. पब आणि कंपन्यांच्या कार्यक्रमाला तर सूट नाहीच. दुसऱ्याचं गाणं स्टेजवर गाताना शब्द आणि चालीचा परवाना येतो, तो आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा. मध्यंतरात मूळ रेकॉर्ड लावली तर त्याचा वेगळा. हे परवाने आयोजकाने काढायचे असतात. काही साइटच्या अटींत मात्र "सर्व परवान्यांची जबाबदारी कलाकाराची" अशी ओळ बारीक अक्षरांत असते. ती दिसली तर चॅटमध्ये आयोजकाकडून "परवाना आमचा" असं लिहून घ्या.

खोट्या चौकशा ओळखायला शिकावं लागतं. ठरलेला नमुना असा: समोरचा स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतो, मानधनावर एका शब्दाची घासाघीस करत नाही, गाण्यांबद्दल काही विचारत नाही, आणि ॲडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवतो. "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, नातेवाइकांशी चर्चा नंतर. संगीतासाठी बँड शोधणारं खरं घर पहिल्या दोन मिनिटांत "आमच्या आजीसाठी जुनी गाणी येतील का" हे विचारतंच.

व्हिडिओबद्दल एक खटकणारी गोष्ट. एजंट मंडळी दुसऱ्यांचे व्हिडिओ उतरवून, त्यावर आपला लोगो चिकटवून, वेगळ्याच नावाने प्रोफाइल टाकतात. शो मिळाला की तुम्हालाच निम्म्या भावात विचारतात, नाहीतर भलताच बँड पाठवून देतात. यावर पक्का उपाय नाही, पण व्हिडिओत बँडचं नाव मागच्या फलकावर किंवा ड्रमच्या तोंडावर रंगवलेलं असेल तर ते खोडणं अवघड जातं. व्हिडिओ दीड-दोन मिनिटांचा, खऱ्या कार्यक्रमातला, आवाज मिक्सरमधून घेतलेला ठेवा. स्टुडिओत गायलेला आवाज लावून नुसते ओठ हलवलेला व्हिडिओ टाकू नका. लग्नाच्या रात्री काकूंना फरक बरोबर कळतो आणि त्या रिव्ह्यूत लिहितात.

रिव्ह्यू शोच्या रात्रीच मागा. चार दिवसांनी ते घर देवदर्शनाला गेलेलं असतं.

आणि "साइटला कशाला पैसे द्यायचे, आपण डायरेक्टच करू ना," हा प्रश्न येणारच. पहिल्या बुकिंगला मी नाही म्हणतो. साइटच्या अटींत ते बसत नाही म्हणून तर खरंच, पण ज्याला साइटचं कमिशन टाळायचंय त्याला पुढे तुमचा उरलेला हप्ताही टाळावासा वाटतो, हाही अनुभव आहे. त्याच घरातून दोन वर्षांनी धाकट्याच्या लग्नासाठी फोन आला तर तो आपला. त्यासाठी कार्ड नको. शो संपल्यावर डीजेवाल्याशी आणि लॉनच्या मॅनेजरशी पाच मिनिटं चहा घ्या. आमची निम्म्याहून जास्त कामं आजही त्याच वाटेने येतात, आणि तिथे कमिशन म्हणजे पुढच्या वेळी त्यांच्या पाहुण्यासाठी दोन गाणी जास्त.

आषाढीनंतर मुहूर्त आटतात. गणपतीत मंडळं ओळखीनेच ठरवतात, साइटवर फारसं कोणी येत नाही. नेमकं तेव्हाच साइटचे विक्रीवाले "वर्षाच्या वर्गणीवर खास सवलत" म्हणून फोन करत सुटतात. घासाघीस करायला हीच वेळ चांगली, ते महिन्याचं टार्गेट गाठायच्या घाईत असतात. घ्यायचीच असेल तर सवलत घ्या, पण वर्गणी चालू होण्याची तारीख कार्तिकी एकादशीच्या पुढची लिहून घ्या, ईमेलवर.