क्वाड्रो के२२०० की के४०००? गेमिंगसाठी जुनं कार्ड घेताना या चुका टाळा

पुण्यात जुनी वर्कस्टेशन कार्डं, म्हणजे डिझाइनच्या कामाच्या संगणकांतली ग्राफिक्स कार्डं, सहज मिळतात. भोसरी-चाकणच्या वाहन उद्योगाभोवती आणि हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमध्ये कॅडचं (संगणकावर आराखडे काढायचं) काम भरपूर चालतं. तिथली मशिन्स बदलली की जुने डबे बाजारात येतात, मग त्यातली कार्डं सुटी विकली जातात. कधी तपकीर गल्लीच्या आसपास, कधी बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, तर कधी ओएलएक्सवर. कमी पैशांत गेमिंगचा पीसी उभा करू पाहणारी कॉलेजची मुलं त्यांच्याकडे वळतात आणि बहुतेक वेळा गाडी या दोन नावांवर येऊन थांबते: एनव्हिडियाचं क्वाड्रो के२२०० आणि क्वाड्रो के४०००. महिन्याच्या खर्चातून वाचवलेले पैसे चुकीच्या कार्डात अडकू नयेत, एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहितोय.

मोठा आकडा म्हणजे वेगवान कार्ड नव्हे

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे. ‘के२२०० पेक्षा के४००० मोठं, नंबरच बघा ना’ असं सांगितलं जातं आणि ऐकायला ते पटतंही. पण पहिला आकडा कार्डाची त्याच्या पिढीतली पायरी सांगतो, आणि ही दोन कार्डं एका पिढीची नाहीतच.

के४००० हे २०१३ चं, केपलर पिढीचं. त्यात ७६८ कुडा कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), ३ जीबी जीडीडीआर५ मेमरी आणि १९२ बिटचा बस (चिप आणि मेमरीमधला रस्ता) आहे. के२२०० एका वर्षाने, २०१४ मध्ये आलं. त्यात मॅक्सवेल पिढीची चिप, ६४० कोअर, ४ जीबी जीडीडीआर५ आणि १२८ बिटचा बस आहे. नुसते आकडे शेजारी ठेवले तर के४००० चे कोअर जास्त, आणि मेमरीचा वेगही जास्त: सेकंदाला सुमारे १३४ जीबी, के२२०० चा फक्त ८०. तरीही गेममध्ये के२२०० सहसा बरोबरीला येतं किंवा पुढे जातं.

कारण मॅक्सवेलच्या रचनेत आहे. एनव्हिडियाने त्या पिढीत प्रत्येक कोअरकडून जास्त काम काढलं, आणि चिपमधला एल२ कॅश (आतली छोटी, वेगवान मेमरी) तर थेट २ एमबी केला. के४००० मध्ये तो ३८४ केबी आहे. लागणारी माहिती चिपमध्येच सापडली की मेमरीकडे हेलपाटे कमी पडतात, म्हणून अरुंद बस तितकासा आड येत नाही. शिवाय के२२०० चा क्लॉक (चिपचा वेग) १ गिगाहर्ट्झच्या वर जातो, तर के४००० सुमारे ८१० मेगाहर्ट्झवर चालतं. कोअर आणि क्लॉक मिळून हिशेब केला तर के४००० सुमारे १.२५ टेराफ्लॉप्सचं (हे गणनेच्या ताकदीचं माप) आणि के२२०० सुमारे १.४ चं भरतं.

गेममधला अंदाज घेण्याची एक सोपी वाट आहे. के२२०० मध्ये जीटीएक्स ७५० टीआय घराण्याचीच चिप आहे, आणि के४००० जीटीएक्स ६५० टीआयच्या घराण्यातलं आहे. या जीफोर्स, म्हणजे एनव्हिडियाच्या गेमिंगसाठीच्या, कार्डांचे गेमिंगचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. ते पाहा आणि क्वाड्रोचा निकाल त्याच्या थोडा खाली धरा, कारण क्वाड्रोचे क्लॉक नेमस्त ठेवलेले असतात.

एका अक्षराचा घोळ

‘४०००’ एवढंच ऐकून व्यवहार करू नका. नुसतं क्वाड्रो ४००० हे २०१० चं फर्मी कार्ड आहे: २५६ कोअर, २ जीबी मेमरी, आणि वीज खातं तब्बल १४२ वॅट. त्याचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कधीच बंद झालेत आणि व्हल्कन, म्हणजे काही गेम ज्यावर चालतात ती ग्राफिक्सची प्रणाली, त्यावर चालत नाही. गेमिंगसाठी ते फुकट मिळालं तरी घेऊ नका. के४००० वेगळं, एम४००० वेगळं, पी४००० वेगळं. एम४००० आणि पी४००० मध्ये ८ जीबी मेमरी असते आणि ती फार वरच्या पायरीची कार्डं आहेत. जाहिरातीत अक्षर गाळलेलं असेल तर कार्डाच्या मागच्या स्टिकरचा जवळून काढलेला फोटो मागा. विकणाऱ्याने तो द्यायला टाळाटाळ केली तर तो व्यवहार सोडून द्या.

खालच्या बाजूला असंच के६२० आहे. नाव के२२०० च्या रांगेतलं, पण मेमरी डीडीआर३, वेग सेकंदाला २९ जीबीच्या आसपास. गेममध्ये ते लगेच गुडघे टेकतं.

कार्डाची किंमत पाहायची, पण डब्याची नाही

बहुतेक जण हे कार्ड ऑफिसमधून निघालेल्या डेल किंवा एचपीच्या पीसीत बसवतात. त्यांचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लहान असतो, आणि कार्डाला वीज देणारी ६-पिन वायर त्यात बहुधा नसतेच.

के२२०० ला ती लागत नाही. ते ६८ वॅटचं आहे आणि स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटमध्ये भागवतं. के४००० ८० वॅटचं, म्हणून त्याला ६-पिन जोडणी हवीच. ती न जोडता पीसी सुरू केला तर पडद्यावर वीज जोडण्याची सूचना येते किंवा पडदा काळाच राहतो, आणि मग ‘कार्ड डेड आहे’ म्हणून भांडण होतं. हार्ड डिस्कच्या जुन्या वीज जोडणीवरून ६-पिन काढणारा स्वस्तातला मोलेक्स अडॅप्टर लावून वेळ मारून नेऊ नका. पातळ वायरचे असे अडॅप्टर तापून वितळल्याचे प्रकार घडतात, आणि दहा वर्षं जुन्या एसएमपीएसवर तो धोका घेण्यात काहीच अर्थ नाही. ब्रँडेड डब्यांत कित्येकदा मदरबोर्डची जोडणीच वेगळ्या घाटाची असते, त्यामुळे बाहेरचा साधा एसएमपीएस थेट बसत नाही. म्हणजे स्वस्तातलं के४००० घेतलं तर एसएमपीएस आणि जोडण्यांचा खर्च धरून ते के२२०० पेक्षा महाग पडू शकतं.

टेपने मोजायची गोष्टही आहे. के२२०० सुमारे २० सेंटिमीटर लांब, के४००० सुमारे २४. लहान टॉवरमध्ये ते चार सेंटिमीटर हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला अडतात. आणि दोन्ही कार्डं पूर्ण उंचीची आहेत, स्लिम डेस्कटॉपमध्ये यांपैकी एकही बसणार नाही. स्लिम डबा असेल तर पी१००० सारखं लो-प्रोफाइल कार्डच शोधावं लागेल.

के४००० घेण्यात अर्थ कधी? तुमच्याकडे आधीच वर्कस्टेशनचा डबा आहे, त्यात ६-पिन वायर मोकळी आहे, कार्ड जवळजवळ फुकटात पडतंय आणि खेळायचे गेम जुने आहेत, तेव्हा.

ड्रायव्हर आणि डायरेक्टएक्स: घेण्याआधी इथे नक्की थांबा

केपलर कार्डांसाठी एनव्हिडियाची ४७० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा. के४००० वर ताजा ड्रायव्हर टाकायला गेलात तर ‘सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही’ असा निरोप मिळतो. कार्ड बिघडलेलं नसतं, ४७० शाखेतला क्वाड्रोचा ड्रायव्हर हवा असतो. के२२०० ला त्यापुढचे, ५८० पर्यंतच्या शाखेतले ड्रायव्हर मिळाले. मॅक्सवेलसाठीही तीच शेवटची शाखा. दोन्ही कार्डांचं भविष्य मर्यादित आहे, पण के२२०० थोडं जास्त ओढेल.

मेमरी ४ जीबी दिसते आणि ‘डायरेक्टएक्स १२’ लिहिलेलं असतं, म्हणून लोक नवे गेम चालतील असं धरून चालतात. दोन्ही कार्डं डायरेक्टएक्स १२ (विंडोजवर गेमचं चित्र काढणारी प्रणाली) चालवतात, पण फीचर लेव्हल, म्हणजे त्यातल्या सुविधांची पातळी, ११_० एवढीच. के२२०० मॅक्सवेल असलं तरी त्या पिढीच्या पहिल्या फळीतलं आहे, म्हणून तेही इथेच अडतं. एल्डन रिंगसारखा गेम फीचर लेव्हल १२_० मागतो. तिथे सेटिंग कितीही खाली आणा, उपयोग नाही. जीटीए फाइव्हची जुनी लेगसी आवृत्ती, सीएस२ किंवा व्हॅलोरंट, यांच्यासाठी मात्र के२२०० अजून कामाचं आहे, सेटिंग कमी ते मध्यम ठेवायची तयारी असेल तर. व्हॅलोरंटवाल्यांनी एक लक्षात ठेवा: विंडोज ११ वर तो टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसीतल्या सुरक्षेच्या सोयी) मागतो. जुन्या डब्यात ते नसेल तर दोष कार्डाच्या माथी मारू नका.

हे सगळं वाचून थोडे पैसे वाढवायची तयारी झाली, तर माझं मत स्पष्ट आहे: एम२००० किंवा पी२००० बघा. दोन्हींना वेगळी वीज जोडणी लागत नाही, दोन्ही फीचर लेव्हल १२_१ ची आहेत. पी२००० मध्ये तर १०२४ कोअर आणि ५ जीबी मेमरी आहे. ते बजेटमध्ये येत असेल तर के२२०० आणि के४००० चा वाद तिथेच मिटतो.

‘टेस्टिंग वॉरंटी’च्या भरवशावर न बघता घेणं

दुकानात कार्ड लावून दाखवा म्हणायला लाजू नका. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि फरमार्क (कार्डावर ताण देऊन तपासणारं) घेऊन जा. जीपीयू-झेडमध्ये चिपचं नाव पाहा: के२२०० असेल तर जीएम१०७, के४००० असेल तर जीके१०६. मेमरीचा प्रकार जीडीडीआर५ आणि बसची रुंदी वर दिलेल्या आकड्यांशी जुळली पाहिजे. ‘बस इंटरफेस’च्या रकान्यात १.१ दिसलं म्हणून दचकू नका, कार्ड रिकामं असताना तो वेग आपोआप खाली येतो. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी चाचणी सुरू केली की खरा आकडा दिसतो. एक्स१६ च्या जागी एक्स४ दिसलं तर कार्ड बहुधा चुकीच्या स्लॉटमध्ये आहे.

मग फरमार्क दहा-पंधरा मिनिटं चालवा. पडद्यावर ठिपके किंवा रंगीत पट्टे आले तर कार्ड परत द्या, मेमरी किंवा चिप गेलेली असते. तापमान नव्वदीकडे सरकत असेल पण चित्र स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही. ही एका स्लॉटची बारीक कूलर असलेली कार्डं आहेत, कित्येक वर्षं ऑफिसमध्ये न उघडता चाललेली. पंख्याच्या तोंडाशी धुळीचा नमदा झालेला असतो आणि थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी होते. कूलर उघडून ब्रशने साफ केला आणि नवी पेस्ट लावली की तापमान बरंच उतरतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, म्हणून हे काम त्याआधी करून घ्या. मेमरीवरचे थर्मल पॅड काढताना फाटू देऊ नका.

जुन्या बाजारात जमिनीवर मांडलेल्या कार्डाची अशी तपासणी करता येत नाही. तिथे घ्यायचंच असेल तर गेले तरी चालतील एवढेच पैसे खिशातून काढा.

घरी आणल्यावर फ्रेम मिळत नाहीत?

आधी मॉनिटरची वायर बघा. ती मदरबोर्डच्या पोर्टमध्येच राहिलेली असते, आणि गेम प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर रडतखडत चालत असतो. वायर कार्डात लावा.

जुना ड्रायव्हर राहून गेला असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयूने (जुने ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर) तो पूर्ण काढा आणि क्वाड्रोचाच ड्रायव्हर टाका. गेमसाठी जीफोर्सचा ड्रायव्हर फेरफार करून बसवायची गरज नाही, क्वाड्रोच्या ड्रायव्हरवर गेम व्यवस्थित चालतात. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर मॅनेजमेंट ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’वर ठेवा. रॅमची एकच पट्टी असेल तर त्याच मापाची दुसरी लावा, त्याने अडखळणं बरंच कमी होतं.

दोन्ही कार्डांवर एचडीएमआय नाही. एक डीव्हीआय आणि दोन डिस्प्लेपोर्ट आहेत. एचडीएमआय मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्ट-ते-एचडीएमआय वायर घ्या, पण दिशा विचारून. दोन्ही टोकं सारखी दिसली तरी यातल्या बहुतेक वायर एकाच दिशेने चालतात. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर कार्डाच्या डीव्हीआय-आय पोर्टला साधा अडॅप्टर पुरतो.