जिममधून थेट योगवर्गात? या चुका टाळा

मी नऊ वर्षं वजनं उचलतेय. पहिल्या योगवर्गाला गेले तेव्हा मनात एकच प्रश्न होता: यात व्यायाम कुठे आहे? तासाभरात खांदे भरून आले. दोन दिवसांनी खुर्चीवर बसले की एका बाजूच्या नितंबाखाली, हाड टेकतं नेमकं तिथे, टोचायला लागलं. दोन्हींचं मूळ एकच होतं. जिममध्ये अडलं की आपण जोर वाढवतो. आसनात जोर वाढवला की शरीर सैल असलेल्या सांध्यातून वाकून मोकळं होतं आणि आखडलेली जागा तशीच राहते. वजन उचलणाऱ्यांच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

पायाला हात लावायची घाई

उभ्याने पुढे वाकायचं उत्तानासन असो वा बसून वाकायचं पश्चिमोत्तानासन, आपली नजर बोटांवर असते. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जोडलेले असतात. ते आखडलेले असले की श्रोणी (कमरेखालचा हाडांचा कटोरा) पुढे झुकू देत नाहीत. तरीही हात पुढे ओढले, तर वाकतो तो फक्त कमरेचा मणका. पाठीची कमान होते, बोटं अंगठ्याला लागतात आणि काम झालं असं वाटतं. ज्या स्नायूंसाठी आसन केलं, त्यांच्या वाट्याला फारसं काही आलेलं नसतं.

उपाय तुम्हाला आधीच येतो. रोमानियन डेडलिफ्टमध्ये नितंब मागे नेऊन खुब्यातून वाकता ना? तेच इथे करायचं. गुडघे हवे तितके वाकवा, पोट मांडीला टेकू द्या, मग पाठ लांब ठेवून गुडघे जमतील तेवढेच सरळ करा. बसून करताना घडी घातलेल्या जाड चादरीवर बसा, श्रोणी लगेच पुढे कलते. ब्लॉक किंवा पट्टा घेणं म्हणजे हार, असं मलाही वाटायचं. पण स्क्वॉटमध्ये टाचेखाली पाचर ठेवताना आपल्याला काहीच वाटत नाही, आणि ब्लॉकचं काम अगदी तेच आहे.

माझं टोचणं या घाईतूनच आलं होतं. बैठकीच्या हाडाजवळ दुखत असेल तर तो स्नायूंचा ताण नव्हे, तिथल्या कंडराची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) तक्रार असू शकते. ती आणखी ताणून जात नाही, उलट वाढते. काही आठवडे पुढे वाकणं कमी करा, गुडघे वाकलेलेच ठेवा आणि पाठीवर झोपून नितंब उचलायच्या सेतुबंधासनासारखं त्या स्नायूला हळूहळू काम देणारं काहीतरी करा. तरी राहिलं तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

पुशअप येतात म्हणून चतुरंग येतं, असं नाही

पुशअपमध्ये अनेकांची कोपरं बाहेर जातात. चतुरंग दंडासनात, म्हणजे पुशअपच्या खालच्या टप्प्यासारख्या आसनात, ती बरगड्यांना लागून हवीत, त्यामुळे ट्रायसेप्सवर आणि खांद्यांच्या पुढच्या भागावर वेगळाच भार येतो. शरीर अजून खाली नेता येतंय म्हणून नेऊ नका. कोपराचा काटकोन झाला की थांबा, खांदे कोपरांच्या खाली जाऊ देऊ नका. सूर्यनमस्काराच्या दहाव्या आवर्तनात ते सांभाळता येत नसेल तर बिनदिक्कत गुडघे टेकवा. खांदा पुढून दुखू लागला तर पहिला संशय चतुरंगावर घ्या.

हात-पाय टेकून नितंब वर उचलायच्या अधोमुख श्वानासनात टाच जमिनीला लागलीच पाहिजे, असा नियम नाही. आखडलेल्या पोटऱ्या आणि लॅट्स (पाठीच्या बाजूचे रुंद स्नायू) घेऊन टाच दाबत बसलात तर पाठ गोल होते. गुडघे वाकवा, पाठ लांब करा, टाचा हवेत राहू द्या. मनगट दुखत असेल तर बोटं पसरा आणि तर्जनी व अंगठ्याच्या मुळाशी जमीन दाबा. तळहाताच्या मनगटाकडच्या भागावरचा भार लगेच कमी होतो.

श्वास रोखणं

जड वजन उचलताना आपण श्वास धरून पोट घट्ट करतो. दोन सेकंदांच्या उचलीत त्याचा उपयोग आहे. तीच सवय अर्धा मिनिट धरून ठेवायच्या वीरभद्रासनात आली की रक्तदाब वाढतो, चेहरा तापतो आणि जबडा आवळला जातो. नाकाने श्वास घ्या. तो तुटक झाला की दोन इंच मागे या. पतंजलींनी आसनाची व्याख्या तीन शब्दांत केली आहे: स्थिर, सुख, आसन. ते सूत्र मुळात ध्यानाच्या बैठकीबद्दल आहे, पण मला त्याहून उपयोगी मोजपट्टी अजून सापडलेली नाही. त्यात लवचिकतेचा उल्लेखही नाही.

संशय चुकीच्या जागी ठेवणं

संशय टाकून द्या असं मी म्हणणार नाही. पीळ घातल्याने शरीरातली विषद्रव्यं पिळून निघतात, असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. पण घड्याळावरच्या कॅलरी बघून योगाला नापास करणं ही सुद्धा चुकीची परीक्षा आहे. साध्या हठयोगाची तीव्रता सुमारे २.५ मेट (शांत बसल्यावर लागते त्याच्या किती पट ऊर्जा लागते, याचं माप) धरली जाते, ताशी ८ किलोमीटर वेगाने धावण्याची ८ च्या आसपास. म्हणजे धावण्याची जागा तो घेणार नाही, आणि वजन उचलण्याचीही नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, ते चालूच ठेवा. योगाकडून सांध्यांची हालचाल, तोल आणि श्वासावरचा ताबा मागा.

वर्गही नीट निवडा. एकामागोमाग आसनं जोडत जाणाऱ्या अष्टांग विन्यासाचा वेग बघून ओळखीचं वाटतं, म्हणून वजन उचलणारे बरेचदा तिथेच जातात आणि पहिल्याच दिवशी चुकीच्या पद्धतीने शंभर हालचाली करून येतात. सुरुवातीला एकेका आसनात थांबवणारा, साधनं वापरू देणारा वर्ग बरा.

काही बारीकसारीक

जड स्क्वॉटच्या अगदी आधी एकेक स्नायू मिनिटाहून जास्त ताणून धरला तर त्या वेळची ताकद थोडी घटते. योग नंतर ठेवा किंवा वेगळ्या दिवशी. लेग डेनंतरच्या २४ ते ७२ तासांत पाय दुखत असताना खोल ताण देऊ नका. जेवण झाल्यावर दोन-तीन तास जाऊ द्या. वृक्षासनात पाऊल गुडघ्याच्या सांध्यावर टेकवू नका, वर मांडीवर किंवा खाली पोटरीवर ठेवा. नजर एका न हलणाऱ्या बिंदूवर असली की तोल पटकन सापडतो.

खाली वाकून उठताना चक्कर येत असेल तर हळू उठा, डोकं सगळ्यात शेवटी वर आणा. रक्तदाब जास्त असेल, काचबिंदू असेल किंवा मानेचं दुखणं असेल तर शीर्षासन-सर्वांगासन डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. आणि जुनी दुखापत शिक्षकांना वर्ग सुरू व्हायच्या आधी सांगा. त्यांनी हाताने दाबून आसन खोल करू नये असं वाटत असेल, तर तेही तेव्हाच सांगा.

शवासन सोडून निघून जाणं ही माझी सगळ्यात टिकाऊ सवय होती. पाठीवर पडलं की कंबर जमिनीपासून उचललेली राहायची आणि दुखायची, म्हणून मला ते नकोसं व्हायचं. गुडघ्यांखाली गुंडाळलेली चादर ठेवली आणि तो प्रश्न त्याच दिवशी संपला.

संशयी माणसाने पुरावा मागावाच. पहिल्या वर्गाआधी तीन गोष्टी वहीत लिहा: डोक्यावर काठी धरून टाचा न उचलता किती खाली बसता येतं, डोळे मिटून प्रत्येक पायावर किती सेकंद उभं राहता येतं, आणि शांत बसल्यावर मिनिटाला किती श्वास होतात. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे जा आणि मग तेच पुन्हा मोजा. माझ्या डाव्या पायाचे ६ सेकंद होते, आठव्या आठवड्यात २३ झाले.