जुने १/१२ मोटारसायकल किट कसे बांधावे आणि रंगवावे : सुझुकी कटाना

सुझुकीची जीएसएक्स ११०० एस कटाना १९८० साली कोलोनच्या मोटारसायकल प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांनी पाहिली. टार्गेट डिझाइन या जर्मन कंपनीने आखलेली ही रुपेरी, धारदार गाडी १९८१ मध्ये विक्रीला आली आणि जपानच्या तामियाने तिचे १/१२ प्रमाणातले प्लास्टिक किट काढले. बांधून झाल्यावर मॉडेल जेमतेम १९ सेंटीमीटर भरते. त्या काळातली पेटी आज हाती लागली, तर पुढची माहिती उपयोगी पडेल. होंडा, यामाहा, कावासाकीच्या त्याच पिढीतल्या १/१२ किटनाही यातले बहुतेक सगळे लागू आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. उन्हापासून दूर राहिलेले पॉलिस्टायरीन (किटच्या भागांचे कडक प्लास्टिक) चाळीस वर्षांतही फारसे बिघडत नाही. म्हातारे होतात ते बाकीचे भाग : रबरी टायर, व्हायनिलच्या नळ्या, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे), क्रोमचा मुलामा आणि पारदर्शक काचा. म्हणून कामाची सुरुवात इंजिनापासून न करता या पाच गोष्टींपासून करा.

पेटी उघडल्यावर

सगळ्यात आधी टायर बाजूला काढा. मऊ टायरमधले प्लास्टिसायझर (लवचीकपणा देणारे रसायन) कालांतराने बाहेर झिरपते आणि ज्या पॉलिस्टायरीनला टायर टेकलेला असेल ते विरघळवते. जुन्या पेट्यांत टायरच्या नक्षीचा ठसा एखाद्या स्प्रूवर (भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर) किंवा हेडलाइटच्या काचेवर उमटलेला सापडतो, तो यामुळेच. टायर आणि नळ्या वेगळ्या पिशवीत ठेवा. भागावर ठसा उमटला असेल तर चिकटपणा पूर्ण जाईपर्यंत साबणाने धुवा, दोन-तीन दिवस उघड्यावर राहू द्या आणि मगच घासायला घ्या. मऊ पडलेले प्लास्टिक लगेच घासले की त्याच्या गुठळ्या होतात.

मग सगळे स्प्रू कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या तेलाचा अंश त्यावर असतो आणि रंग तिथेच सोलून निघतो. पाणी गरम घेऊ नका, कारण फ्रेमच्या बारीक नळ्या गरम पाण्यात वाकतात. धुताना बेसिनच्या जाळीवर फडके अंथरा. आरसा किंवा लिव्हर सुटून मोरीत गेले की परत मिळत नाही.

भाग क्रमांकांशी ताडून पाहा. स्क्रू आणि स्प्रिंग मोजून झाकणाच्या डबीत ठेवा. स्प्रिंग गंजली असेल तर बारीक स्टीलची तार योग्य जाडीच्या ड्रिल बिटवर घट्ट गुंडाळून नवी करता येते. तार सोडल्यावर थोडी उलगडते, म्हणून बिट मूळ स्प्रिंगच्या आतल्या मापापेक्षा किंचित बारीक घ्या.

डेकल वाचवणे

कटानाच्या टाकीवरची लाल अक्षरे हा या मॉडेलचा चेहरा आहे, त्यामुळे डेकलची तयारी रंगकामाच्या कितीतरी आधी सुरू करा. कागद पिवळा पडला असेल तर तो पारदर्शक झिप पिशवीत बंद करून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. उन्हाने पिवळेपणा हळूहळू उतरतो. आठवडाभरात फरक दिसू लागतो, क्वचित महिनाही लागतो. पावसाळ्यात या खटाटोपात पडू नका, दमट हवेत कागद उलट खराब होतो.

आता कोपऱ्यातले एखादे बिनकामाचे डेकल कापून कोमट पाण्यात टाका. ३० सेकंदांत अखंड सरकले तर काळजी नाही. तुकडे पडले तर अख्ख्या पानावर मायक्रोस्केलचे लिक्विड डेकल फिल्म किंवा चकचकीत क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) पातळ हात द्या आणि एक दिवस वाळवा. त्यानंतर प्रत्येक चित्र त्याच्या कडेला लागून कापावे लागते, कारण आता पारदर्शक पडदा सगळ्या पानावर पसरलेला असतो.

कोरडी जुळवणी

सूचनापत्रक बांधणीचा क्रम सांगते, रंगाचा नाही. म्हणून ते एकदा सगळे वाचा आणि प्रत्येक भागापुढे पेन्सिलीने तीनपैकी एक खूण करा : आधी चिकटवून मग रंगवायचा, आधी रंगवून मग चिकटवायचा, किंवा अगदी शेवटी बसवायचा. इंजिनाचे दोन अर्धे पहिल्या गटात, ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर दुसऱ्यात, आरसे आणि इंडिकेटर तिसऱ्यात.

भाग स्प्रूवरून काढताना निपरचा पहिला काप भागापासून दोन मिलिमीटर लांब घ्या. उरलेले खोड धारदार कटरने दोनदा तासा आणि शेवटी वॉटर पेपरने सपाट करा. एकाच कापात भागाला चिकटून कापले की जुने प्लास्टिक कडेला पांढरे पडते किंवा टवका उडतो.

इंजिन आणि फ्रेम मास्किंग टेपने तात्पुरती बांधून पाहा. इथली चूक शेवटी सगळ्यात महाग पडते. फ्रेमला अर्ध्या मिलिमीटरचा पीळ असला तरी पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत येत नाही, आणि ते कळते तेव्हा गाडी रंगवून झालेली असते. त्यामुळे फ्रेम चिकटवताना ती सपाट काचेवर ठेवा, रबर बँडने धरा आणि मागून एक डोळा मिटून बघा. इंजिन फ्रेमच्या आतून जाते की बाजूने, हेही याच वेळी ठरवून टाका.

क्रोम : ठेवायचे की उतरवायचे

त्या काळच्या किटमधला मुलामा प्लास्टिकवर लाखेचा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमची वाफ असा असतो. आरशाच्या पाठीला तो चालतो. मात्र ज्या भागाला मध्ये सांधा आहे, त्यावर तो ठेवला तर सांधा कायमचा दिसत राहतो. शिवाय सिमेंट (मॉडेलचा गोंद) प्लास्टिक वितळवून जोडते, क्रोमवर ते नुसते बसून राहते. मुलामा ठेवायचा असेल तर किमान चिकटवण्याच्या जागा कटरने खरवडून उघड्या करा.

उतरवायचा असेल तर भाग कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवा. ॲल्युमिनियम काही मिनिटांत सुटू लागते, जुना थर तासभरही घेतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि त्या भांड्यात संडास साफ करण्याचे ॲसिड चुकूनही मिसळू देऊ नका, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. चमक गेल्यावरही खालची लाख उरते आणि बारीक तपशील बुजवते. ती ६०० च्या वॉटर पेपरने हलकी घासून काढा.

नवे क्रोम हवे असेल तर आधी चकचकीत काळा रंग द्या, दोन दिवस वाळू द्या, आणि त्यावर क्रोम रंगाचे अगदी विरळ फवारे मारा. काळ्या थरात दिसलेला प्रत्येक कण क्रोममध्ये दुप्पट दिसतो.

सांधे आणि पोचे

टाकी, सीटची शेपटी आणि सायलेन्सर या तीन ठिकाणच्या सांध्यांवर मॉडेल जिंकते किंवा हरते. दोन्ही अर्ध्या भागांच्या कडांना सिमेंट लावा, दहा-पंधरा सेकंद थांबा आणि दाबून धरा. वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक कणा सांध्याबाहेर आला की जोड नीट बसला असे समजा. पूर्ण २४ तास हात लावू नका. घाईने घासलेला सांधा आठवड्याने आत बसतो आणि रंगाखाली खाचेसारखा दिसू लागतो. नंतर ४००, ६००, ८०० अशा क्रमाने पाणी लावून घासा.

जाड भागांच्या मागे पोचे पडलेले असतात. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारी एनसी पुट्टी त्यांना चालते, पण पातळ थरांत. ती वाळताना आक्रसते, म्हणून एका दमात खड्डा भरू नका.

रुपेरी रंग

कटाना लाल किंवा काळी असती तर हे काम निम्मे झाले असते. रुपेरी रंग काहीच लपवत नाही. करड्या प्रायमरचा एक हात द्या आणि दिव्याखाली भाग तिरपा धरून फिरवा. राहिलेले ओरखडे आणि सांधे लगेच उठून दिसतात. ते दुरुस्त करून पुन्हा प्रायमर द्या आणि १००० च्या वॉटर पेपरने गुळगुळीत करा.

टाकी, बाजूचे पॅनेल, पुढचा फेअरिंग (हेडलाइटभोवतीचे आवरण) आणि शेपटी हे सगळे भाग एकाच बैठकीत, एकाच बाटलीतून रंगवा. गाडीवर ते ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने काठ्यांवर लावून ठेवा. धातूरंगातले चपटे कण फवाऱ्याच्या दिशेप्रमाणे आणि ओलेपणाप्रमाणे निजतात. एक भाग ओला आणि दुसरा कोरडा फवारला गेला की एकाच बाटलीतल्या रंगाच्या दोन छटा शेजारी शेजारी दिसतात.

एअरब्रशला ०.३ मिलिमीटरचे नोझल आणि १५ ते २० पीएसआय दाब ठेवा. लॅकर रंगात बरोबरीने किंवा थोडे जास्त थिनर मिसळा. आठ-दहा सेंटीमीटरवरून तीन-चार पातळ हात द्या, दर दोन हातांमध्ये दहा मिनिटे थांबा. शेवटचा हात थोडा लांबून, धुक्यासारखा मारा, म्हणजे कण सारखे पसरतात. स्प्रेचा डबा वापरत असाल तर तो आधी पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवा आणि २० ते २५ सेंटीमीटरवरून फवारा. डबा कधीही गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात तापवू नका.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर लॅकर फवारताना पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. उडून जाणारे थिनर पृष्ठभाग थंड करते आणि हवेतला दमटपणा त्यावर जमतो. रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रव) मिसळलेले थिनर वापरले तर झाक कमी होते. तरीही शक्य असेल तर बॉडीचे काम कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा. एअरब्रशच्या नळीवर पाणी अडवणारा ट्रॅप तर लावाच.

रुपेरी थरावर वॉटर पेपर चालवू नका, कण ओरबाडले जाऊन काळपट डाग पडतात. त्यावर क्लिअरचा एक हात द्या, मग डेकल लावा, एक दिवसाने पुन्हा दोन पातळ हात द्या. पहिला हात डेकलवर ओला मारला तर लॅकरचे थिनर अक्षरे सुरकुतवते, म्हणून तो कोरडाच असू द्या. आठवड्याने २००० च्या वॉटर पेपरने डेकलची कड मारून कंपाउंडने चकाकी आणा. उंच कडांवर क्लिअर सगळ्यात पातळ असते, तिथे घासणे टाळा.

इंजिन आणि डिस्क

खऱ्या कटानाचे इंजिन १०७५ सीसीचे, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हचे आहे. सगळे इंजिन एकाच रुपेरी रंगाने रंगवले तर ते खेळण्यासारखे दिसते. क्रँककेसला मंद ॲल्युमिनियम, क्लच आणि अल्टरनेटरच्या झाकणांना थोडी चमकदार छटा द्या. फिन्समध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांमध्ये) काळा-तपकिरी इनॅमल खूप पातळ करून सोडा आणि वर राहिलेला भाग इनॅमल थिनर लावलेल्या कापसाने पुसा. खाली लॅकर असेल तर इनॅमल थिनर त्याला धक्का लावत नाही. उलट क्रम मात्र चालत नाही : इनॅमलवर लॅकर मारला की खालचा थर सुरकुततो. उघड्या प्लास्टिकवर हा पातळ इनॅमलचा वॉश सोडू नका, ताणाखालच्या जागी, विशेषतः स्क्रूच्या आसपास, प्लास्टिक तडकते.

डिस्क जवळून बघण्याची वस्तू आहे. तिला ॲल्युमिनियम रंग देऊन वाळवा. मधल्या भोकात टूथपिक घट्ट बसवा. १५०० च्या वॉटर पेपरचा चिमूटभर तुकडा डिस्कवर अलगद टेकवून टूथपिक बोटांत चार-पाच वेळा फिरवा. पॅड घासून उमटतात तशा बारीक गोल रेघा येतात. पाचपेक्षा जास्त फेऱ्या दिल्या तर खालचे प्लास्टिक उघडे पडते.

टायरवर मधोमध साच्याची रेघ असते. चाकावर चढवून २४० च्या कागदाने ती काढा, रस्त्यावर चाललेल्या रबराचा मंदपणाही आपोआप येतो. चढवण्यापूर्वी रिमच्या खोबणीत पातळ ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा, म्हणजे रबर प्लास्टिकला थेट टेकत नाही.

शेवटची बांधणी

व्हायनिलच्या नळ्यांची लांबी सूचनापत्रकात मिलिमीटरमध्ये दिलेली असते. नळी ताठ झाली असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करा. चिकट झाली असेल तर टाकून द्या आणि त्याच जाडीची वायर वापरा. केबल टाकी बसवण्याआधी ओवा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. केबल आखूड असली तर हँडल परत सरळ येताना लिव्हर तोडते.

स्क्रू घालण्यापूर्वी छिद्रातला रंग टोच्याने काढा. अर्धा वळसा पुढे, पाव वळसा मागे असे करत आटे पाडा. थेट पिळला की फ्रेमचा खांब उभा चिरतो.

हेडलाइट आणि इंडिकेटरच्या काचांना फेविक्विकसारखा झटपट गोंद लावू नका, त्याच्या वाफेने काच आतून धुरकटते. फेविकॉलचा टूथपिकभर थेंब पुरतो. वाळल्यावर तो दिसत नाही आणि चुकले तर ओल्या कापसाने निघतो. सीट दोन छटांची आहे, ती सॅटिन ठेवा, चकचकीत नको. आरसे सगळ्यात शेवटी.

तयार मॉडेल ॲक्रिलिकच्या किंवा रंगवलेल्या फळीवर वर्षानुवर्षे उभे राहिले तर टायर खालीही तीच करामत करतात. दोन्ही चाकांखाली काचेची चकती ठेवा, किंवा गाडी मधल्या स्टँडवर अशी उभी करा की निदान मागचे चाक अधांतरी राहील.