लांबलचक फ्रेंच शब्द शेपटाकडून वाचा

नव्या फ्रेंच विद्यार्थ्याला घाबरवायला एक शब्द ठरलेला आहे. 25 अक्षरांचा, अर्थ, ‘राज्यघटनेला सोडून’. स्पेलिंग वहीत असं तोडून लिहा: ए-एन / टी-आय / सी-ओ-एन-एस / टी-आय / टी-यू / टी-आय-ओ-एन / एन-ई-एल / एल-ई / एम-ई-एन-टी. नऊ तुकडे झाले.

तोडायचं कसं? एकटं व्यंजन पुढच्या स्वराला द्यायचं: आ-नी-माल. बाराखडी गिरवलेल्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. दोन व्यंजनं शेजारी आली तर एक इकडे, एक तिकडे: पार-तीर. दुसरं व्यंजन एल किंवा आर असेल तर जोडी बहुधा अभंग राहते: ता-ब्लो, आपल्या च-क्र सारखी. सी-एच, पी-एच, जी-एन याही फोडायच्या नाहीत.

आता तोंडाने. पहिल्या तुकड्यातला एन म्हणायचा नाही, फक्त स्वर नाकातून सोडायचा: आँ. शेवटचा टी मुका, म्हणून माँ. ‘टी-यू’साठी ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची, आरशासमोर करा, जरा वेडगळ दिसतं, पण जमतं. खरी मेख मध्ये आहे. टी-आय-ओ-एन शब्दाच्या शेवटी आलं की बहुधा ‘स्योँ’, नाकातलं. इथे मात्र पुढे दुसरा एन आहे, त्यामुळे नाक बंद: स्यॉ-नेल. ‘बोँ’चं (म्हणजे ‘चांगला’) स्त्रीलिंग ‘बॉन’ होतं ते याच कारणाने. ‘एल-ई’मधला ई गळतो, म्हणून कागदावरचे नऊ तुकडे तोंडात आठच उरतात:

आँ-ती-कोँस-ती-त्यु-स्यॉ-नेल-माँ

आता शेपटाकडून सुरुवात करा. माँ. नेल-माँ. स्यॉ-नेल-माँ. दर वेळी मागचा एक तुकडा जोडत जा. फ्रेंचमध्ये जोर शेवटच्या तुकड्यावर पडतो, बाकीचे साधारण सारख्या ठेक्यात जातात. पुढून घोकलं तर सुरुवात पक्की होते आणि शेवटी दम संपतो. इंग्रजीच्या सवयीने ‘त्यु’वर हातोडा मारू नका.

जमलं की ‘दुर्दैवाने’चा फ्रेंच शब्द घ्या, malheureusement: मा-लो-रोझ-माँ. स्पेलिंगमध्ये एलनंतर एच दिसेल, तो मुका. एल त्याला ओलांडून पुढच्या स्वराला चिकटतो. दोन स्वरांमधला एस ‘झ’ होतो. आणि ‘लो’, ‘रो’मध्ये ओठ ‘ओ’चे, जीभ ‘ए’ची.