मांजरीच्या खाण्याचं पाकीट आधी उलटं करून बघा

दादरच्या दुकानात उभं राहिलं की प्रत्येक पाकिटावर गुबगुबीत मांजर आणि चकचकीत माशाचा फोटो, त्यातलं चांगलं कुठलं ते कसं कळणार? मी आता पुढची बाजू बघतच नाही.

१. मागची घटकांची यादी वाचा. जे वजनाने जास्त ते आधी लिहिलेलं असतं. पहिलं नाव चिकन, मासे असं काहीतरी पाहिजे, मका किंवा गहू असेल तर परत ठेवून द्या.

२. ओल्या खाण्याचे पाऊच आणि कोरडे दाणे यांचे प्रोटीनचे आकडे तसेच्या तसे कंपेअर करू नका, मी कितीतरी दिवस हेच करायचे आणि पाऊचमध्ये ८ टक्केच आहे म्हणून नाक मुरडायचे. आधी १०० मधून मॉइश्चर, म्हणजे पाण्याचं प्रमाण, वजा करा, उरेल त्याने प्रोटीनला भागा, मग १०० ने गुणा. पाऊचमध्ये प्रोटीन ८, मॉइश्चर ८० असेल तर ८ भागिले २०, म्हणजे ४० टक्के. दाण्यांत ३० आणि १० असेल तर ३० भागिले ९०, साधारण ३३. घ्या, पाऊचच पुढे!

३. टॉरिन, म्हणजे मांजरीला खाण्यातून मिळावाच लागतो असा घटक, आहे ना बघा, आणि 'कम्प्लीट' लिहिलंय का तेही. 'कॉम्प्लिमेंटरी' असेल तर तो नुसता वरचा खाऊ, जेवण नव्हे.

पावसाळ्यात छोटंच पाकीट घ्या, दाणे लगेच सादळतात.

फक्त नवीन ब्रँड एकदम सुरू करू नका, जुन्यात थोडं थोडं मिसळत ७ ते १० दिवसांत बदला, नाहीतर पोट बिघडतं आणि पुसत बसावं लागतं आपल्यालाच.